एका काचेवरची तापी

वर्गात एक दिवस मी नको ते बोलून बसलो. या प्रवासाची सुरुवात तिथूनच धरायला हवी.

पुण्याच्या आमच्या कॉलेजात शास्त्राचे प्रोफेसर अधूनमधून मॅजिक लँटर्न दाखवतात. खिडक्यांना काळे कापड लावतात, दिवा फुरफुरू लागतो आणि भिंतीवरच्या चादरीवर एकेक देखावा उमटतो. बर्फाची शिखरे, काश्मीरमधले तळे, विलायतेतला कुठला तरी धबधबा. काच सरकली की आम्ही सगळी मुले श्वास रोखून बसतो. मी सुताराचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही, म्हणून वर्गात मी सहसा तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी दिवा विझल्यावर तोंडून निघून गेले, "सर, यात आपल्या इकडचे काहीच का नसते?"

मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, "आपल्या इकडचे काय दाखवणार? बाभळी?"

सगळे हसले. प्रोफेसर हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्याला दिसते त्याने आणावे. कॅमेरा मी देतो. दसऱ्याच्या सुट्टीत जा कुठे तरी आणि या काचांच्या रांगेत शोभेल असा एक देखावा आण. चांगला निघाला तर याच चादरीवर दाखवीन. नाही निघाला तर हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही." मग म्हणाले, "आणि त्यात माणूस नको. माणूस आला की नजर त्याच्यावर जाऊन बसते आणि डोंगराचा नुसता पडदा होतो."

मी मान हलवली खरी, पण जायचे कुठे ते ठाऊक नव्हते. खोलीवर आल्यावर माझा सोबती दत्तू म्हणाला, "आमच्या बऱ्हाणपूरला चल भो. नदी आहे, किल्ला आहे, डोंगर आहे. बाभळीही आहेत."

सिंधीपुरा

आगगाडीचे वर्णन करीत नाही. कोळशाची पूड आणि भुसावळचा चहा एवढेच त्यातले लक्षात राहिले. कॅमेऱ्याची पेटी मी सबंध प्रवासात मांडीवरच ठेवली होती, त्यामुळे बऱ्हाणपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते.

टांगेवाल्या चाचांनी पेटीकडे आणि तिपाईकडे पाहून विचारले, "बाबूजी, इसमें बाजा है क्या?"

"तोप है, चाचा. सँभालके चलाना," दत्तू म्हणाला.

"तो घर छोड़ूँ या सीधे क़िले पे?"

मला ते गाव पाहताक्षणी आवडले. दुरून जामा मशिदीचे मिनार दिसू लागले, मग एक मोडका दरवाजा, मग गल्ल्या. गल्लीगल्लीत माणसे सोन्याची तार ओढत बसली होती आणि उन्हात ती तार अशी चमके की जणू कोणी प्रकाशच ओढून लांब करतो आहे. ही कलाबतूची तार. पैठणीच्या, पागोट्याच्या जरीला लागते ती. दत्तूच्या वडिलांचे सिंधीपुऱ्यात याच धंद्याचे दुकान आहे. दुकान खाली, घर वर.

दत्तूची आई दारातच उभी होती. मी त्यांना काकू म्हणू लागलो. ठेंगणी, सावळी बाई, बोलण्याचा झपाटा मोठा. मी पंगतीत कुठे बसावे हे न कळून कोपरा धरला, तर म्हणाल्या, "तिकडे काय दडून राहिला? इकडं ये, माझ्यासमोर. पुण्याच्या पोरांले आम्ही खात नाही."

कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि लोण्याचा गोळा. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, पांढरी. ही उडदामुळे काळसर आणि इतकी चवदार की नुसतीच खावी. संध्याकाळी दत्तूचे वडील, म्हणजे काका, मला बाजारात मांडे दाखवायला घेऊन गेले. तिथला आचारी कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत उपरण्याएवढा करतो आणि उलट्या कढईवर टाकतो. मी तोंड उघडे टाकून पाहत राहिलो. येताना काकांनी दराबा घेतला. रवा, तूप, साखर घोटून घोटून केलेला तो पांढरा गोड पदार्थ जिभेवर ठेवला की राहतच नाही.

घरात भिंतीवर काकांचा एक फोटो होता. धोतर, लांब कोट, हातात काठी, आणि मागे बर्फाचा डोंगर, खाली तळे, तळ्यात हंस. मी विचारले, "काका, हे कुठले?"

"चौकातल्या फोटोवाल्याचं दुकान," काका म्हणाले. "त्याच्याकडे एकच पडदा. अर्धं बऱ्हाणपूर त्या बर्फासमोर उभं राहून आलं. मी काही बर्फ कधी पाहिला नाही, पण फोटोत मले थंडी वाजत नाही, बघ."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते चित्र डोक्यातून जाईना. खिडकीबाहेर तापी वाहते आहे, सातपुडा दिसतो आहे, आणि माणसे स्वतःच्या मागे दुसऱ्याच देशाचा डोंगर लावून घेतात. आम्ही वर्गात तेच करतो, असे वाटले.

रात्रीआधी एक गंमत झाली. कॅमेऱ्याच्या काचा चपट्या लाकडी पेटीत भराव्या लागतात, आणि त्या वेळी उजेडाचा कणही चालत नाही. म्हणून मी खोलीचे दार लावले आणि काचांचा डबा घेऊन गोधडीखाली शिरलो. ऑक्टोबरचा उकाडा, घामाने भिजलो. तेवढ्यात काकू दार ढकलून आत.

"अरे बापा, याले थंडी वाजून राहिली. दत्तू, काढा ठेव."

दत्तूला मस्करी सुचली. "थंडी नाही आई. त्याची पूजा आहे ती. डबा घेऊन रोज अंधारात करावी लागते."

गोधडीखालून मला ऐकू आले, काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "हाव का? मग मी आली नाही असं समज बेटा." आणि दार हलकेच लागले.

असीरगड

दुसऱ्या दिवशी पहाटेच छकडा जोडला. काकाही निघाले. त्यांचे म्हणणे, इतकी वर्षे पायथ्याशी राहून गडावर शेवटचे केव्हा गेलो ते आठवत नाही, आणि आता पुण्याहून एक पोरगा येतो तर लाज वाटते.

चढ चांगलाच दमवतो. पण वर पोचल्यावर जे दिसले ते कसे सांगावे मला कळत नाही. पावसाळा नुकताच सरलेला. हवा धुतलेल्या भांड्यासारखी. एका बाजूला सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक, जवळची हिरवी, मागची निळी, त्यामागची नुसती रेघ. दुसऱ्या बाजूला कापसाची आणि केळीची रानं, आणि त्यांत तापी कुठे चमकते, कुठे लपते. मी तटावर नुसता पळत सुटलो. इथून काढू की तिथून, हेच ठरेना.

शेवटी तिपाई उभी केली, डोक्यावर काळे कापड घेतले आणि मागच्या दुधी काचेवर पाहिले. तो क्षण मी विसरणार नाही. डोळ्यांनी पाहताना जे चहूकडे पसरून हातातून निसटत होते ते तिथे एका चौकोनात गप्प उभे होते. एक झाड डावीकडे ठेवले तर दरी खोल होते. आकाश थोडे कमी केले तर डोंगर उंच होतो. मी काही बदलत नव्हतो, नुसता कुठे उभे राहायचे ते ठरवत होतो, आणि तेवढ्याने सगळा मुलूख वेगळा होत होता. मागे पाहिलेल्या काश्मीरच्या काचा ज्याने काढल्या तोही असाच कुठल्या तरी खडकावर पाय मागेपुढे करत असेल, हे प्रथमच मनात आले.

काकांनाही पाहायचे होते. ते कापडाखाली शिरले आणि आतूनच बोलले, "अरे, हे तर उलटं. तापी वर आणि आभाळ खाली."

"ते तसंच दिसतं काका. कागदावर सरळ होतं."

"आणि नाही झालं तर? आमची नदी आभाळात टांगून ठेवशील पुण्याले."

ते बाहेर येतात तोच एका वानराने मागून येऊन काळे कापड ओढले आणि तटावर जाऊन बसले. ते कापड त्याने खांद्यावर घेतले, अगदी शालजोडी घेतल्यासारखे. दत्तू ओरडला तसे ते आणखी वर गेले. शेवटी शिदोरीतली सगळी केळी एकेक करून द्यावी लागली, तेव्हा कापड खाली आले. आम्ही उपाशी राहिलो, पण मला भूक कुठली. त्या दिवशी मी बऱ्याच काचा वापरल्या.

पुढचे दिवस असेच धावपळीत गेले. नावेतून पलीकडे जैनाबादला गेलो, आहूखाना या मोगलांच्या पडक्या शिकारबागेत बसलो. राजाच्या समाधीच्या छत्रीजवळ संगमावर सकाळचे धुके उठताना पाहिले. एकेक काच भरत गेली तसा माझा हात स्थिरावत गेला. घरी कॉलेजचा विषय निघाला की मी आता अडखळत नव्हतो. काकू जेवताना विचारत, "आज काय पकडलं?" आणि मी एकेक देखावा हातवारे करून सांगे.

नवमीच्या आदल्या दिवशी डब्यातल्या सगळ्या काचा वापरून झाल्या होत्या; पुण्याला औषधात धुवेपर्यंत त्यांना उजेड दाखवायचा नव्हता. एकच कोरी काच उरली होती, ती चपट्या पेटीत भरून ठेवली होती. ती कशावर खर्चायची, एवढाच प्रश्न होता.

नवमी

सकाळी मी आणि दत्तू त्या शेवटच्या काचेसाठी जागा शोधायला नदीवर गेलो होतो. परत आलो तर घरात उदबत्तीचा वास आणि काकूंचा उत्साही आवाज. "आले का? बरं झालं, आरती राहिली आहे."

आत चौरंगावर खंडेनवमीची पूजा मांडली होती. तार ओढायच्या भोकांच्या लोखंडी पट्ट्या, काट्याचा तराजू, चिमटे, विळी, दत्तूचा टाक. सगळ्यांच्या मधोमध माझा कॅमेरा, गळ्यात झेंडूची माळ. आणि त्याच्यासमोर नैवेद्याची ताटे मांडावीत तशा माझ्या काचा. एकेक धुतलेली, पुसलेली, मधोमध कुंकवाचे स्वस्तिक. खिडकीतून त्यांच्यावर ऊन पडले होते आणि त्या दुधी काचा जांभळट पडत चालल्या होत्या.

मी दारात उभा राहिलो.

"डब्यात काळ्या कागदात गुंडाळल्या होत्या," काकू सांगू लागल्या. "मी म्हटलं, नवमीले सगळी हत्यारं उघडी करून पुजतात, याचीच का झाकून ठेवा? त्याची मायबी दूर आहे. एकीलेबी धक्का नाही लागला, पाहून घे."

काकू माझ्याकडे पाहत, मग दत्तूकडे. "काय झालं? काही कमी पडलं काय?"

"नाही काकू," मी म्हणालो. "छान झाली आहे पूजा."

पण दत्तूला राहवले नाही. "आई, त्यांना ऊन लागलं."

"लागलं तर काय होतं? तूच तर सांगत होता, उन्हानेच फोटो निघते."

"निघतो. पण एकदा आत आलेला उन्हानेच जातो. सगळे गेले, आई. गड, नदी, सगळं."

काकू खाली बसल्या. एक काच उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली, जणू गड तिच्या मागे सरकला असेल. मग हळू म्हणाल्या, "ज्याच्यानं होतं त्याच्यानंच जातं, हे कसलं रे यंत्र." आणि दत्तूकडे वळून, "तूच म्हणाला होता ना, ही त्याची पूजा आहे म्हणून?"

दत्तूने मान खाली घातली. काका म्हणाले, "लागला ना निकाल तुझ्या मस्करीचा."

मला रागावता येईना. आमच्या घरीही आई नवमीला वडिलांची सगळी हत्यारे धुते. वाकस, पटाशी, करवत, आणि कानशीसुद्धा. कानशीला पाणी लागले की ती गंजते. वडील दरवर्षी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एकेक कानस घासून तिला तेल लावत बसतात आणि आईला एका शब्दाने बोलत नाहीत. माझ्या काचांना तेल लावून भागणार नव्हते, एवढाच फरक. मी आरतीला उभा राहिलो. टाळ्या वाजवल्या. पण डोळ्यांसमोर वर्गातली ती चादर होती, पांढरी आणि रिकामी.

जेवताना काकूंनी विचारले, "आता एक बी नाही उरली?"

"एक आहे. त्या चपट्या पेटीत."

पेटीवर बाहेरून हळदकुंकू होतेच. काकू म्हणाल्या, "ती कुठून उघडते ते मले समजलंच नाही. नाहीतर तीबी धुतली असती."

आधी काका हसले, मग दत्तू, मग मी. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि मी ती नको म्हणालो नाही.

दसऱ्याची संध्याकाळ

दशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. म्हणजे जे काही व्हायचे ते दसऱ्यालाच. असीरगडाला पुन्हा जाऊन यायला वेळ नव्हता. आम्ही ठरवले ते नदीवरच्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावरून खालचा देखावा घ्यायचा. तिथून तापीचे सगळे पात्र दिसते, मधोमध खडकातून घडवलेला एक हत्ती, पलीकडे जैनाबादचा काठ आणि मागे टेकड्या.

दुपारीच कॅमेरा लावून बसलो. आणि आभाळ भरून आले. सगळे पात्र मळक्या कापडासारखे सपाट दिसू लागले. मी एकदा आभाळाकडे पाही, एकदा नदीकडे. दत्तू म्हणाला, "काढून टाक. असेल तसं." मी म्हणालो, "एकच आहे रे." असे आम्ही कितीदा बोललो कोण जाणे.

ढग हटले तेव्हा सूर्य पार उतरला होता. पण काय उजेड पडला. मागून, तिरपा, तांबूस. हत्तीच्या पाठीवरची प्रत्येक रेघ उठून आली, पलीकडच्या टेकड्या पुढे सरकल्यासारख्या झाल्या. मी कापडाखाली शिरलो, आणि दुधी काचेवर वरच्या अंगाला काही तरी हलताना दिसले. उलटे चालणारे ठिपके. माणसे.

आम्ही विसरलो होतो. दसऱ्याला सगळे गाव सीमोल्लंघनाला नदीपार जाते. यंदा पाणी लवकर उतरले होते, आणि हत्तीच्या वरच्या अंगाला पात्र उथळ असल्याने तिथे ते गुडघाभरच होते. ढोलताशे वाजत घाटावरून माणसांची रांग खाली येत होती आणि पाण्यात उतरत होती. बाया, म्हातारे, खांद्यावरची पोरे, पागोटी.

"माणूस नको," मी म्हणालो. "सरांनी सांगितलं होतं."

"आता सगळ्या बऱ्हाणपूरले घरी पाठवू काय?" दत्तू म्हणाला.

मी बुरुजाच्या दगडावर बसलो. पाच-सात मिनिटांत उजेड जाणार आणि रांग तर संपतच नव्हती. तेवढ्यात एक आठवले. कॉलेजात हात बसावा म्हणून मी आवाराचा एक फोटो काढला होता. तेव्हा भिंगाचे तोंड बारीक करून बराच वेळ टोपण काढून ठेवले होते, आणि माळी झारी घेऊन पुढून गेला होता. काच धुतली तर माळी कुठेच नव्हता. जे चालते ते काचेवर टिकत नाही. जे थांबते तेच टिकते.

"दत्तू," मी उठून म्हणालो, "त्यांना चालत राहायला सांग. कोणी थांबायचं नाही."

पण कॅमेऱ्यासमोर थांबायचे असते हे आता सगळ्या गावाला चौकातल्या फोटोवाल्याने शिकवून ठेवले आहे. घाटावरच्या लोकांनी बुरुजावरची तिपाई पाहिली आणि पायऱ्यांवर रांग ताठ उभी राहू लागली. कोणी पागोटे सावरले, कोणी पोराचे नाक पुसले. दत्तू धावत खाली गेला. मला वरून ऐकू येत होते.

"चला, चला, फोटो नाही निघत."

एक म्हातारबुवा म्हणाले, "मग तो वर डोकं झाकून काय करून राहिला?"

"नदीचा काढतो, बाबा. माणसांचा नाही."

"नदी काय पळून जाते? आधी आमचा काढा म्हणा."

शेवटी दत्तू ओरडला, "यंत्र बिघडलं, भो." आणि तेवढ्याने काम झाले. बिघडलेल्या यंत्रासाठी कोण थांबतो. रांग पुन्हा वाहू लागली.

मी भिंगाचे तोंड होईल तितके बारीक केले आणि टोपण काढले. घड्याळ नव्हते, म्हणून एकोणतिसाचा पाढा म्हणू लागलो. लहानपणी मला तो कधी धड आला नाही, पण त्या दिवशी प्रत्येक अंक स्वच्छ आला. खाली हजारो पाय पाणी कापत होते, ढोल वाजत होता, आपट्याच्या पानांचे झुबके हातांत हलत होते, आणि मी बुरुजावर पाढा म्हणत उभा होतो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पाढा संपला, टोपण लावले. दोन मिनिटांत टेकड्या काळ्या पडल्या.

घरी गेल्यावर सगळ्यांनी सोने वाटले. काकूंनी माझ्या हातात आपट्याची पाने ठेवली आणि विचारले, "ही तर नाही ना नासली?"

"पुण्याला गेल्यावर कळेल, काकू."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

पुणे

काच मी स्टेशनवरून तडक कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत नेली. लाल दिव्याखाली औषधात ती हलवत असताना आधी आभाळ आले, मग टेकड्या, मग हत्ती. मी श्वास सोडला. गर्दी गेली होती. पण रिकामेही झाले नव्हते. जिथून लोक गेले होते तिथे काठापासून काठापर्यंत एक विरळ धूसर पट्टा पात्रावर पडला होता, नदीवरून आणखी एक नदी गेल्यासारखा.

आणि त्या पट्ट्याच्या कडेला, एका खडकावर, अगदी स्पष्ट, एक बाई उभी होती. हातात ताट. ठेंगणी. सगळे गाव विरून गेले होते आणि तिच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. काकू होत्या.

मी काच पुसून वाळत ठेवली आणि खूप वेळ तिच्याकडे पाहत बसलो. दत्तू आला. त्यानेही ओळखले. थोड्या वेळाने म्हणाला, "खरवडता येते ना? फोटोवाले करतात, पात्याने. एवढीशी तर आहे."

येत होते. खडकाच्या रंगात ती जागा मिळवून टाकली असती तर कोणाला कळले नसते. मी पाते हातातही घेतले. आणि खाली ठेवले. माझ्याच्याने झाले नाही, एवढेच लिहितो.

प्रोफेसरांनी काच उजेडासमोर धरली. "माणूस नको म्हटले होते."

"हो सर."

"मग ही कोण?"

मी सगळे सांगितले. पूजा, स्वस्तिके, ऊन, पाढा. एवढे सलग मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "खरवडली का नाहीस?"

"ती तिथे होती, सर."

त्यांनी काच परत दिली नाही.

माझ्या काचेवरून लँटर्नची काच तयार झाली आणि त्या महिन्याला काश्मीरच्या तळ्यानंतर चादरीवर तापी आली. मला ती एवढी मोठी दिसेल असे वाटले नव्हते. मग पुढच्या बाकावरून एकाने विचारले, "ते पाण्यावर धुके आहे का?"

"नाही," मी बसल्या जागेवरून म्हणालो, "ते लोक आहेत. सगळे गाव."

प्रोफेसर चादरीजवळ गेले आणि छडीचे टोक काकूंच्या शेजारी ठेवले. "मी तुम्हाला नेहमी सांगतो, देखाव्यात माणूस नको. ही बाई झाका आणि पाहा." त्यांनी हात आडवा धरला. नदी एकदम लहान झाली, आमच्या गावच्या ओढ्यासारखी. हात काढला आणि पात्र पुन्हा पसरले. "हिच्यामुळे कळते नदी केवढी आहे ते," ते म्हणाले, आणि दिव्याजवळच्या मुलाला, "पुढची लावू नकोस. राहू दे थोडा वेळ," असे सांगून स्वतः बाकावर जाऊन बसले.

दिवाळीला दत्तू घरी गेला तेव्हा त्याच्याबरोबर मी फोटोची एक प्रत काकूंना पाठवली. तो परत आल्यावर ट्रंक खाली ठेवायच्या आधी मी विचारले, "काय म्हणाल्या?"

"बाबा म्हणाले, नदी सरळ आली. आईनं आधी पुष्कळ वेळ पाहिला. मी विचारलं, तू का थांबली होतीस तिथं? तर म्हणे, 'टोपण काढताना पाहिलं मी. म्हटलं, आपण हललो का पुन्हा नासन. ताट हातात होतं, हात दुखला, पण हलली नाही.'"

मी माझ्याकडची प्रत काढली आणि ताट धरलेले ते हात पाहिले.

"पण खूश नाही ती," दत्तू म्हणाला. "म्हणे, हत्ती बरोबर आहे, टेकड्या बरोबर आहेत. पण माझ्याबाजूनं शेजारची सगुणा चालली होती, तिच्या कडेवर पोर होतं. पुढं हे होते. ते सगळे कुठं गेले? दसऱ्याच्या दिवशी सगळ्या गावाले पुसून टाकलं आणि मले एकटीले उभं केलं. त्याले सांग म्हणे, पुढच्या दसऱ्याले ये, आणि या सगळ्यांले परत आण."

सध्या मी सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या आवारात चालत्या माणसाचा फोटो काढायला शिकतो आहे. माळी न कंटाळता माझ्यासमोरून जातो-येतो. त्याचा चेहरा आता बराच उमटतो. पाय अजून पुसट येतात.